साथ आणि तिची वार्ता : अहमदनगर जिल्ह्याच्या अनुभवावरून काही विचार

साथीचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे दोन जातींचा पुरावा येतो. एक गणनेचा : कोणत्या गावी, कोणत्या आठवड्यात किती माणसे आजारी पडली व किती मेली, याचा. दुसरा वार्तेचा : त्या साथीविषयी लोक काय बोलत होते, वृत्तपत्रांनी काय छापले, पत्रांतून काय कळवले गेले आणि अलीकडच्या काळात भ्रमणध्वनीच्या पडद्यावर काय फिरत राहिले, याचा. गणना नीट नसेल तेथे वार्तेचा आधार घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे ती नीट नसण्याचे प्रसंग पुष्कळ. त्यामुळे रोग जेथे अधिक तेथे बोलबाला अधिक, हे गृहीत धरून चालण्याची सवय अभ्यासकांस लागली आहे. हे गृहीत कितपत खरे आहे, हे एका जिल्ह्यापुरते तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

हा प्रश्न केवळ इतिहासकारांचा राहिलेला नाही. १९९४ साली ‘प्रोमेड’ ही साथींच्या वार्ता जगभर पोहोचविणारी व्यवस्था अमेरिकेतून सुरू झाली. १९९७ च्या सुमारास कॅनडाच्या शासनाने जगातील वृत्तपत्रे यंत्राद्वारे चाळून संशयास्पद आजारांच्या बातम्या वेचण्याचा उपक्रम हाती घेतला. २००२ च्या अखेरीस दक्षिण चीनमध्ये उद्भवलेल्या श्वसनरोगाचा, म्हणजे पुढे ‘सार्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या विकाराचा, पहिला सुगावा याच मार्गाने लागला. ३० डिसेंबर २०१९ रोजी वूहान येथील अज्ञात न्यूमोनियाची वार्ता जगास प्रोमेडने दिली, तीही चिनी समाजमाध्यमांतून व वृत्तांतून वर आलेल्या मजकुराच्या आधारे. आपल्या देशातही एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाखाली २००८ साली दिल्लीत वृत्तनिरीक्षण व पडताळणीचा स्वतंत्र कक्ष स्थापन झाला. वृत्तपत्रांत आलेली साथीची बातमी टिपून ती संबंधित जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे खातरजमेसाठी धाडणे हे त्याचे काम. सारांश, वार्तेवरून रोगाचा माग काढणे ही आज शासनाची मान्य पद्धती झाली आहे. म्हणूनच वार्ता रोगाच्या मागे नेमकी कशी चालते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

या तपासणीसाठी अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर) निवडण्यास कारणे आहेत. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेस अकोल्याचे डोंगर, उत्तरेस प्रवरेच्या काठचा ऊसपट्टा आणि दक्षिणेस पारनेर, कर्जत, जामखेडची अवर्षणी जमीन, असे त्याचे तीन स्वभाव. मराठी नियतकालिकांच्या इतिहासातही त्याचे स्थान जुने आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ साली निघाले ते नगर येथूनच, जरी पुढे त्याचे बिऱ्हाड मुंबईस हलले. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग खुला झाला आणि पुण्यामुंबईची वृत्तपत्रे ज्या गाडीने नगरास येऊ लागली त्याच गाडीने पुण्यामुंबईचे रोगही येण्याची सोय झाली. वार्ता आणि साथ यांची वाट एक झाली. आता त्यांचे माप एक होते काय, हे पाहावयाचे.

प्रथम प्लेगाकडे वळू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि १८९७ च्या आरंभी पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला. रँडच्या प्लेग समितीने पुण्यात गोऱ्या सोजिरांकरवी घरोघर झडत्या सुरू केल्या. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली आणि सप्टेंबरात लोकमान्य टिळकांस राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ‘केसरी’, ‘मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुधारक’ ही सर्व पत्रे त्या वर्षी प्लेगाने भरून गेली होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. लिहिणारे स्वतःही त्या आगीतच उभे होते. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगनेच वारले. त्यानंतर महिन्याभरात, १० मार्च रोजी, रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला.

परंतु या वर्षाचा बोलबाला आणि या रोगाचा संहार यांची सांगड घालू गेल्यास ती बसत नाही. हिंदुस्थानात प्लेगने एका वर्षात सर्वाधिक बळी घेतले ते १८९७ मध्ये नव्हे, १९०७ मध्ये. त्या एका वर्षी सुमारे तेरा लाख माणसे मेली, त्यांतली बहुसंख्य पंजाबात. मुंबई इलाख्यातील अतिशय वाईट वर्षेही विसाव्या शतकाच्या आरंभीची होत. तोवर मात्र प्लेग ही दरसालची गोष्ट झाली होती. गाव सोडून माळावर झोपड्या घालणे, उंदीर पडले की बिऱ्हाड बाहेर काढणे, हे लोकांच्या अंगवळणी पडले होते. झडत्यांचा जाच सरकारने आवरता घेतला होता. प्लेगाची वार्ता होती, पण तिला धार राहिली नव्हती. १८९७ मध्ये वृत्तपत्रे ज्या गोष्टीने पेटून उठली ती केवळ रोगाची नव्हती. घरात, देवघरात, स्त्रियांच्या माजघरात शिरणाऱ्या परक्या सत्तेविषयीचा तो संताप होता. यात गैर काहीच नाही. तो संताप रास्त होता. पण त्या संतापाच्या कमानीवरून प्लेगाचा आलेख काढू पाहणारा अभ्यासक दहा वर्षांनी चुकेल.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबई सरकारच्या भाषांतर खात्यात देशी पत्रांतील मजकुराचा साप्ताहिक गोषवारा इंग्रजीत तयार होत असे. ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ या नावाचे ते गोपनीय चोपडे आज अभिलेखागारात पाहावयास मिळते. १८९७ मध्ये त्यात प्लेगविषयक उतारे भरपूर येतात. ते वेचणाऱ्यांची नजर मुख्यतः असंतोषाकडे होती. रोग कोठे पसरला हे त्या पत्रांतून शोधावे, हा त्यांचा हेतू नव्हता. दिल्लीतील २००८ चा वृत्तनिरीक्षण कक्ष बाह्यतः तेच काम करतो : देशी पत्रे रोज चाळणे, महत्त्वाचे ते वेगळे काढणे, वर कळवणे. वाचण्याची कृती एकच. मात्र एकाने त्यात राजद्रोह शोधला आणि दुसरा अतिसार, गोवर व डेंग्यू शोधतो. वार्तेत काय सापडते हे पुष्कळ अंशी ती वाचणाऱ्याच्या गरजेवर अवलंबून असते, याचे याहून बोलके उदाहरण सहसा मिळत नाही.

याच्या अगदी उलट प्रकार १९१८ चा. त्या वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा उतरला. त्याची पहिली फेरी सौम्य होती. सप्टेंबर–ऑक्टोबरातील दुसरी मात्र जीवघेणी ठरली. मुंबई शहरात मृत्यूंचा कळस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाला व तेथून ती लाट लोहमार्गाने दख्खनभर पसरली. लोकांनी तिला ‘मानमोडी’ म्हटले. त्याच साली पाऊस दगा देऊन गेला होता. नगर जिल्ह्याच्या दक्षिण तालुक्यांत दुष्काळ आणि ताप एकदमच आले. या दुहेरी आघाताची खूण जनगणनेत उमटली आहे. १९११ साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. १९२१ साली ती साडेसात लाखांच्याही आत आली. दहा वर्षांत पाचांतला एक माणूस गणतीतून नाहीसा झाला. त्यांतले सर्वच मेले नाहीत. दुष्काळामुळे पुष्कळ जण पोटासाठी मुंबईकडे व अन्यत्र गेले. तरीही एवढी मोठी घट एखाद्या रणसंग्रामानेही क्वचितच होते. संबंध हिंदुस्थानात या साथीचे बळी एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत गणले जातात.

आणि असे असूनही मानमोडीला मराठी लोकस्मृतीत प्लेगाचे स्थान नाही. प्लेगावर लेख झाले, आठवणी झाल्या, नाटके व चित्रपट झाले. मानमोडी हा शब्द मात्र आज नगर जिल्ह्यातील बहुतेकांस अर्थ विचारूनच कळेल. याची कारणे शोधू गेल्यास वार्तेचे स्वरूप उलगडत जाते. १९१८ च्या उत्तरार्धात वृत्तपत्रांचे रकाने महायुद्धाच्या अखेरीने, माँटेग्यू–चेम्सफर्ड योजनेच्या वादाने आणि टिळकांच्या विलायतेतील वास्तव्याने व्यापले होते. रोगाचा शत्रू म्हणून दाखविता येईल असा रँड या वेळी नव्हता. सरकारने झडत्या घेतल्या नाहीत, म्हणून कोणी रागावले नाही. सरकारने फारसे काहीच केले नाही, हा दोष होता. पण न केलेल्या गोष्टीची बातमी होणे नेहमीच कठीण. शिवाय साथ एवढी वेगाने आली व गेली की गावोगावचे बातमीपत्र लिहिणारे शिक्षक व कारकून स्वतःच अंथरुणावर होते. मृत्यूची नोंद करावयाची ती पाटलाने, आणि पाटीलही तापलेला. जे मृत्यू नोंदले गेले तेही बहुतांशी ‘ताप’ या जुन्याच सदराखाली गेले. प्लेगाला सरकारी नोंदवहीत स्वतःचे सदर होते. मानमोडीला ते मिळाले नाही. नाव नसलेल्या गोष्टीची वार्ता पसरत नाही, आणि पसरली तरी टिकत नाही.

याच जिल्ह्यात ऑक्टोबर १९१८ कशासाठी स्मरणात आहे, हे सांगावयास नको. १५ ऑक्टोबर, विजयादशमी, या दिवशी शिर्डी येथे साईबाबा समाधिस्थ झाले. त्या दिवसाचा तपशील, कोण जवळ होते, कोणास काय सांगितले, हे सर्व भक्तांनी टिपून ठेवले. इन्फ्लुएंझाची लाट दख्खनवर असतानाचे ते आठवडे. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूरच्या वस्त्यांत त्याच दिवसांत काय चालले होते याचा तसा तपशील कोणी लिहिला नाही. उलट १९१० च्या सुमारास शिर्डीच्या परिसरात आलेली पटकीची एक साथ, जी जिल्ह्याच्या हिशेबात नगण्य ठरावी, ती दाभोळकरांच्या साईचरित्रातील गव्हाच्या दळणाच्या कथेमुळे घरोघर ठाऊक आहे. ज्याला लिहिणारा भेटला ते उरले. रोगाच्या आकाराशी त्याचा संबंध नाही.

आता शंभर वर्षे ओलांडून कोरोनाकडे येऊ. या वेळी परिस्थिती सर्वस्वी पालटली होती. रोगाला पहिल्या दिवसापासून नाव होते, सायंकाळी रोजचा आकडा होता, आणि बातमी लिहिण्यासाठी संपादकाची वा गावच्या शिक्षकाची वाट पाहण्याचे कारण उरले नव्हते. खेड्यातील पुष्कळ घरी एखादा तरी भ्रमणध्वनी होता व त्यावर व्हॉट्सॲप होते. तेव्हा नाव नाही, नोंद नाही, लिहिणारा नाही, या १९१८ च्या तिन्ही अडचणी दूर झाल्या. मग वार्ता रोगाच्या बरोबरीने चालली काय?

मार्च २०२० च्या मध्यास जिल्ह्यात पहिला रुग्ण आढळला. एप्रिलच्या अखेरपर्यंत रुग्णांची संख्या काही डझनांपलीकडे गेली नव्हती. ज्या जिल्ह्याची वस्ती २०११ च्या गणनेनुसार पंचेचाळीस लाखांवर, त्यात ही संख्या म्हणजे समुद्रातील थेंब. पण वार्तेचा पूर त्याच महिन्यात आला. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधून आलेले तबलिगी जमातीचे लोक जिल्ह्यात नगर शहर, जामखेड, नेवासे आदी ठिकाणी राहिले असल्याचे कळताच वृत्तवाहिन्या, वृत्तस्थळे आणि समाजमाध्यमे यांतून जो मजकूर लोटला त्याचे स्मरण अद्याप ताजे आहे. रोग एका समाजाने मुद्दाम आणला असे सुचविणारा ‘कोरोना जिहाद’ हा शब्दप्रयोग ट्विटरवर देशभर फिरत होता. गावच्या वेशीवर फेरीवाल्यांची जात व धर्म विचारण्यापर्यंत मजल गेल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. नगर जिल्ह्यातील पोलीस ठाण्यांत परदेशी नागरिकांवर गुन्हे दाखल झाले. त्यांत परकीय नागरिकांविषयीचा कायदा व आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्याबरोबर साथरोगांचा तोच १८९७ चा कायदाही होता. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या कायद्याच्या छायेत पुण्यात घरे झडली त्याच कायद्याखाली घाना, टांझानिया, आयव्हरी कोस्ट, बेनिन, जिबूती व इंडोनेशिया येथून आलेले लोक नगर जिल्ह्यात आरोपी झाले.

या प्रकरणाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी दिला. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे व न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी एकोणतीस परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. मुख्य निकालपत्रात न्यायालयाने वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांतून या लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला असे स्पष्ट नमूद केले, आणि संकटाच्या काळी सत्ता बळीचा बकरा शोधते, तसे येथे झाले असण्याचा संभव दिसतो, असे निरीक्षण नोंदविले. या लोकांनी रोग पसरवला असे दाखविणारा पुरावा समोर नव्हता. न्यायमूर्ती सेवलीकर यांनी निर्णयाशी सहमती दर्शविली, परंतु सहकाऱ्यांच्या काही विवेचनाशी आपण सहमत नसल्याचे वेगळे नोंदविले. ही बारीक गोष्टही इतिहासाने लक्षात ठेवावयास हवी, कारण वार्ता आणि दोष यांच्या संबंधाविषयी न्यायासनावरही एकच मत नव्हते. असो. या निकालाच्या वार्तेला एप्रिलमधील आरोपाच्या वार्तेइतकी जागा मिळाली नाही, हे कोणाही वाचकाच्या अनुभवाचे आहे. ऑगस्टमध्ये जिल्ह्यातील रुग्णसंख्या एप्रिलच्या अनेक पटींनी वाढलेली होती. पण त्या वाढीचा दोष ज्याच्या माथी मारता येईल असा कोणी परका उरला नव्हता.

खरा संहार पुढच्या वर्षी झाला. मार्च २०२१ पासून दुसरी लाट उसळली. एप्रिल व मे या दोन महिन्यांत नगर हा राज्यातील अत्यंत बाधित जिल्ह्यांपैकी एक होता. केवळ मे महिन्यात ऐंशी हजारांवर रुग्ण नोंदले गेले. प्राणवायूचे नळकांडे, रुग्णालयातील खाट, रेमडेसिविरची कुपी यांसाठी माणसे रात्र रात्र फिरत होती. नगरच्या अमरधामात चिता विझण्याआधी पुढचे प्रेत येऊन थांबत होते. समाजमाध्यमांचे स्वरूप या दोन महिन्यांत पालटले, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. जेथे वर्षापूर्वी दूषणे फिरत होती तेथे आता ‘अमुक ठिकाणी खाट आहे काय’, ‘तमुक रक्तगटाचा प्लाझ्मा हवा’ असे निरोप फिरू लागले. पारनेर तालुक्यातील भाळवणी येथे आमदार नीलेश लंके यांनी चालविलेल्या हजारावर खाटांच्या उपचार केंद्राची चित्रे दूरवर पोहोचली आणि बाहेरून मदतीचा ओघ आला. पोपटराव पवार यांच्या हिवरेबाजारने गावातच पथके नेमून व रुग्ण वेळीच वेगळे काढून मे २०२१ च्या मध्यास गाव कोरोनामुक्त केल्याची वार्ता अनेक गावांनी उचलली. वार्ता ही केवळ भयाचे वाहन नसते. ती मदतीचेही असते. मात्र ही वार्ता ज्या तालुक्यांतून आली त्या तालुक्यांत रोग अधिक होता म्हणून आली नव्हती. तेथे दाखविण्याजोगे काही होते, ओळखीचा चेहरा होता, म्हणून आली. अकोल्याच्या डोंगरवाड्यांत किंवा जामखेडच्या वस्त्यांत काय चालले आहे याचे चित्रण करून ते जगापुढे मांडणारा कोणी नसेल, तर तेथील शांततेचा अर्थ आरोग्य असा लावणे धोक्याचे ठरते. गूगलने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘फ्लू ट्रेंड्स’ या प्रयोगाचे उदाहरण येथे देता येईल. लोक शोधयंत्रात काय विचारतात यावरून इन्फ्लुएंझाचे प्रमाण सांगण्याचा हा उपक्रम आरंभी अचूक वाटला. २०१२–१३ च्या हिवाळ्यात त्याने अमेरिकेतील रुग्णांचे प्रमाण खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट दाखविले व २०१५ मध्ये तो बंद झाला. वृत्तपत्रांनी फ्लूची धास्ती वाढविली की निरोगी माणसेही फ्लूविषयी शोधू लागतात. वार्तेचे माप घेणारे यंत्र वार्तेचाच प्रतिध्वनी मोजत बसते.

नगर जिल्ह्यास या प्रतिध्वनीचा अनुभव मे २०२१ च्या अखेरीस आला. त्या महिन्यात जिल्ह्यातील आठ हजारांहून अधिक मुले व किशोर कोरोनाबाधित आढळली, असा आकडा प्रशासनाकडून प्रसिद्ध झाला. दोन दिवसांत नगरचे नाव देशभरच्या वृत्तस्थळांवर आणि परदेशी पत्रांतही झळकले. तिसरी लाट मुलांवर येणार, हे भाकीत त्याआधी काही आठवडे सर्वत्र बोलले जात होते. नगरचा आकडा त्या भाकिताची पहिली साक्ष म्हणून वाचला गेला. आईबाप हादरले. घाबरण्याचे कारण नाही, दक्षता घ्यावी, असे जिल्हा प्रशासनास सांगावे लागले. वस्तुतः तो आकडा शांतपणे पाहिल्यास त्यात अद्भुत काही नव्हते. जिल्ह्यातील महिन्याच्या एकूण रुग्णांचा तो सुमारे दहावा हिस्सा होता, आणि अठरा वर्षांखालील मुलांचे लोकसंख्येतील प्रमाण तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे रोगाने मुलांना वेगळे निवडून गाठले, असा अर्थ त्यातून निघत नव्हता. मोठ्यांमध्ये रोग अतोनात होता, म्हणून घरातील मुलांतही तो दिसला. ज्या दिवशी ही वार्ता जगभर गेली त्या दिवशी जिल्ह्यातील लाट उतरणीस लागली होती. महिन्याभरापूर्वी, लाट चढत असताना, प्राणवायूवाचून तडफडणाऱ्या चाळिशी–पन्नाशीच्या माणसांसाठी नगरचे नाव एवढे गाजले नव्हते. दिल्ली, मुंबई, नाशिक यांच्या वार्तांत ते एक नाव होते. जे आधीच भाकिताने तयार होऊन बसले होते त्या भयाला आकडा मिळाला तेव्हा ते गाजले.

या सर्व प्रसंगांवरून असे दिसते की, साथीची वार्ता अगदी आरंभीच्या काळात, म्हणजे रोग नवा आणि अनोळखी असताना, रोगाच्या पुढेही धावू शकते. आणि तेथे तिचा उपयोग मोठा आहे. एखाद्या वाडीत विहिरीच्या पाण्याने पन्नास माणसांस जुलाब लागले, ही तालुक्याच्या बातमीदाराने दिलेली चार ओळींची बातमी दिल्लीच्या कक्षास पुरते. ती खरी की खोटी हे पाहण्यास एक वैद्यकीय अधिकारी तेथे जाऊ शकतो. २०२२ पासून हे चाळण्याचे काम यंत्रबुद्धीच्या साह्याने अनेक भारतीय भाषांत होऊ लागले आहे आणि त्यामुळे वेग वाढला आहे. परंतु साथ पसरल्यावर तिचा आकार किती, ती चढते की उतरते, ती कोठे अधिक आहे, या प्रश्नांची उत्तरे वार्तेच्या आवाजावरून मागणे म्हणजे ढोलाच्या नादावरून जत्रेतील माणसे मोजण्यासारखे आहे. तो नाद वाढतो तो नवेपणाने, कोणास तरी दोष देता आल्याने, आणि सत्तेशी किंवा प्रसिद्ध नावाशी संबंध जुळल्याने. मृत्यूंच्या संख्येने तो वाढतोच असे नाही. यंत्र जर त्या नादावरच शिकवले गेले, तर १८९७ चे पुणे त्यास प्रचंड दिसेल आणि १९१८ चा कर्जत तालुका दिसणारच नाही. जनगणनेच्या दोन ओळी नसत्या तर तो इतिहासकारांसही दिसला नसता.

दुसऱ्या लाटेचा शेवट नगर जिल्ह्यात इतरांच्या मागाहून झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हे मोकळे होत असता येथे रोज शेकडो नवे रुग्ण आढळत होते. जिल्हाधिकारी राजेंद्र भोसले यांनी ४ ते १३ ऑक्टोबर या काळासाठी जिल्ह्यातील ६१ गावांत टाळेबंदी लावली. त्यांत संगमनेर तालुक्यातील गावांची संख्या मोठी होती. गावांच्या हद्दी बंद झाल्या व शाळाही उघडता आल्या नाहीत, जरी राज्यातील शाळा नेमक्या त्याच दिवशी, ४ ऑक्टोबरला, दीड वर्षानंतर उघडत होत्या. ही बातमी एक-दोन दिवस चालली. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातील मंदिरे उघडली आणि शिर्डीत पहाटेच्या आरतीस आलेल्या भाविकांची चित्रे सर्व वाहिन्यांवर दिसू लागली. त्या आठवड्यात देशाने नगर जिल्ह्याकडे पाहिले ते शिर्डीकडे. त्या ६१ गावांची नावे जिल्ह्याबाहेर फारशी कोणी वाचली नसावीत.